मागच्या सीटला नऊ मार्क

ताईचं पत्र माझ्या टेबलावर महिनाभर होतं. धूळ खात पडलं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. मी ते रोज उचलायचो, वाचायचो आणि भिंगाखाली परत ठेवायचो. उत्तर लिहायला बसलोच नाही असंही नाही. 'प्रिय ताई' इथपर्यंत मी कितीदा तरी जाऊन आलो. पुढचं वाक्य सुचायचंसुद्धा, पण ते लिहायचा आपल्याला काय अधिकार असं वाटून हात थांबायचा.

पत्र छोटं होतं. ताईला शब्द वाया घालवलेले आवडत नाहीत.

'तुझा भाचा म्हणतो, एकटी राहू नकोस. मोठी गाडी घेतो आणि तुला तिच्यातून इकडे घेऊन येतो. घर मालकाला परत दे म्हणतो, मशीन कुणाला तरी देऊन टाक म्हणतो. कोपऱ्यावरच्या शिवणक्लासच्या बाई मशीन न्यायला तयार आहेत. मी यावं का? तू त्याच्या गावात राहतोस, त्याचं घर बघतोस. खरं काय ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस.'

भाऊजी गेल्यापासून ताई एका लहान गावात दोन खोल्यांत राहते आणि लोकांचे कपडे शिवते. आता शिवायची गरज उरलेली नाही. पण कपडे टाकायला येणाऱ्या बायका तासभर बसतात, सगळ्या गावाची उणीदुणी काढतात आणि जाताना ब्लाउज विसरून जातात, म्हणजे पुन्हा यायला निमित्त होतं. ते मशीन घरातून गेलं की त्या बायका गेल्या. हे मला कळत होतं. पण माझं कळणं बरोबर असतंच असं नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले. आई आणि मुलगा ह्यांच्या मध्ये काय चिकटवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

भाचा एका मोठ्या कंपनीत साहेब आहे. कशाचा साहेब, ते मी त्याला विचारलं होतं. त्याने सांगितल्यावर होतं तेही कळेनासं झालं. मुलगा वाईट नाही. फक्त त्याच्या कचेरीतल्या सगळ्या साहेबांनी एका मागोमाग एक बुटक्या, चकचकीत, जोरात पळणाऱ्या गाड्या घेतल्या होत्या, आणि वाहनतळावर ह्याची उंच चौकोनी गाडी त्यांच्यामध्ये उभी राहिली की ह्याला म्हणे जेवण जात नसे.

एके दिवशी त्याचा फोन आला.

"मामा, शनिवारी काय करतोयस?"

"काही नाही. म्हणजे, वाचतोय."

"म्हणजे काहीच नाही. तयार राहा. गाड्या बघायला जायचंय."

"मला काय कळतं रे त्यातलं?"

"कळायचं काही नाही, फक्त बसायचंय. आई आणि तू एका मापाचे. उंची तीच, गुडघे तेच. तू बसलास म्हणजे आई बसली."

माझ्या गुडघ्यांची कुणाला गरज पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी बरं म्हटलं. मी बहुतेक सगळ्यालाच बरं म्हणतो.

शनिवारी ते दोघं मला घ्यायला आले. भाचेसून दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे समोरच्याला तोंड उघडायला लावायची तिला सवय आहे. माझ्या बाबतीत तिला अजून यश आलेलं नाही. मी त्यांच्या जुन्या गाडीचं दार उघडलं आणि सीटवर टेकलो. ह्या गाडीची हीच गंमत आहे, सीट आपल्या कमरेपाशी येऊन उभी राहते. बसावं लागतच नाही.

"बघितलंस?" भाचेसून म्हणाली. "मामा कसे पटकन बसले. काय झालंय ह्या गाडीला?"

"हिला गाडी म्हणतात? हे कपाट आहे. आईला काय कपाटातून आणू?"

"पाच वर्षं आम्ही दोघं कपाटात बसतोय, तेव्हा नाही काही वाटलं."

"आईसाठी घेतोय गं मी! आईसाठी!"

ह्या 'आईसाठी'पुढे कुणाचं काही चालत नाही. भाचेसून खिडकीबाहेर बघायला लागली.

वाटेत भाच्याने मला त्याची पद्धत समजावून दिली. त्याने फोनवर एक तक्ता केला होता. आडव्या ओळींत पिकअप, वळणावरची पकड, ब्रेक, आवाज, रुबाब, आतले दिवे. रुबाब नावाची ओळ खरंच होती, मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. सगळ्यात खाली 'मागची सीट, आई' अशी एक ओळ. प्रत्येकाला दहापैकी मार्क.

तीन गाड्या बघायच्या होत्या. तिन्हींना नाव असं नव्हतं. एक अक्षर आणि पुढे तीन आकडे. मी पुस्तकांवर चिकटवायचो तसंच. त्यामुळे मला त्या आता रंगांवरूनच आठवतात.

पहिली पांढरी. तिच्या दुकानात शिरताना मला चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटलं, इतकी फरशी चमकत होती. एक कोटवाला तरुण पुढे आला. तिथे विक्रेत्याला विक्रेता म्हणत नाहीत. ह्याच्या छातीवर 'अनुभव सल्लागार' अशी पट्टी होती. भाचा त्याला म्हणाला, "तुमच्यातली ही सगळ्यात सुरुवातीची ना?" त्यावर त्याच्या चेहऱ्यावर बारीकशी कळ उमटली.

"तो शब्द आम्ही नाही वापरत सर. आम्ही म्हणतो, घराण्याचं प्रवेशद्वार."

मला वाटतं त्याला म्हणायचं होतं की घराण्याचं नाव मिळेल, घराण्याची ऐसपैस जागा मिळणार नाही. पण त्याने मला विचारलं नव्हतं.

"मामा, बस."

मी मागचं दार उघडलं. छप्पर मागे उतरत गेलं होतं, मस्तवाल घोड्याच्या पाठीसारखं. आधी डोकं घालावं की पाय, हे ठरेना. शेवटी मी गुडघा वाकवला, मान वाकवली, आणि उरलेला मी आत पडलो. डोकं छताला टेकलं. चष्मा कपाळावर चढला. कोटवाल्याने कुठलीशी कळ दाबली आणि दारांच्या कडांमधून जांभळा उजेड पडला.

"चौसष्ट रंग आहेत सर. मूडप्रमाणे."

भाच्याने पुढून मान वळवली. त्याचा चेहरा आधी जांभळा, मग हिरवा दिसला. "कसं वाटतंय मामा?"

मान ताठ असती तर मी कदाचित वेगळं बोललो असतो. पण कोटवाला इतक्या आशेने बघत होता, आणि कॉफी त्याने स्वतः आणून दिली होती.

"छान आहे," मी म्हणालो.

"काही त्रास?"

"छे छे."

"मागची सीट, नऊ," भाचा पुटपुटला आणि बोट फिरवलं.

भाचेसून माझ्या हाताकडे बघत होती. मी दारावरचं हँडल बहुधा जरा जास्तच घट्ट धरलं होतं.

दुसरी निळी. हिच्या मागच्या सीटच्या मधोमध जमिनीतून एक उंचवटा वर आलेला होता, आत एखादं जनावर झोपलंय असा. त्याच्या एका बाजूला माझा एक पाय बसला आणि दुसरा बसायला जागा शोधत राहिला. ही गाडी आम्ही रस्त्यावर नेली. भाचा चालवत होता.

"रस्ता कसा कळतो बघ मामा! चाकाखालचं सगळं हाताला सांगते ही."

ती मलाही सांगत होती, फक्त हाताला नाही. रस्त्यावरचा एकेक खडा माझ्या मणक्यांना नावानिशी भेटून गेला. मग त्याने 'स्पोर्ट' लिहिलेलं बटण दाबलं आणि गाडी गुरगुरायला लागली.

"आवाज ऐक! हा आवाज!"

"तो स्पीकरमधून येतोय," भाचेसून म्हणाली.

"काहीतरीच."

"माझ्या कानामागे स्पीकर आहे. तिथून येतोय."

माझ्या बाजूला बसलेला, ह्या दुकानाचा कोटवाला मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, आवाज इंजिनाचाच आहे. स्पीकर तो फक्त खुलवतो."

"म्हणजे नाटकात पडद्यामागून वाघ ओरडतो, तसा."

मला हसू आलं, पण नेमका खड्डा आल्यामुळे ते कण्हल्यासारखं बाहेर पडलं.

"काय मामा? दुखलं का?" भाच्याने विचारलं.

"नाही नाही. छान आहे."

"नऊ," भाचा म्हणाला.

भाचेसून मागे वळली. "मामा, माझ्या खुर्चीत बसलेली माणसं पण असंच म्हणतात. दुखत नाही, दुखत नाही. आणि खुर्चीचा हात उपटून काढतात. खरं सांगा."

"खरंच छान आहे गं," मी म्हणालो. आता नऊ मार्क देऊन झाले होते. दिलेले मार्क परत घेणं मला बरं वाटेना.

निळीच्या दुकानात आम्ही परत कॉफी घेत बसलो, तेव्हा भाच्याला हुक्की आली. त्याने ताईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून मशीनची खटखट ऐकू येत होती.

"आई, मामा दोन्ही गाड्यांत बसला बघ. मस्त बसला. नऊ मार्क!"

"मामाला?"

"मागच्या सीटला गं!"

"आहे का तो तिथे? काय रे, पत्र पोचलं का माझं?"

"हं," मी म्हणालो.

"मग?"

भाचा माझ्याकडे बघत होता. भाचेसून बघत होती. कोटवाला, ज्याचा ह्यात काही संबंध नव्हता, तोही बघत होता.

"बरं, ते राहू दे," ताई म्हणाली. "बसता येतं का नीट त्या गाडीत? मला येईल का?"

"हं."

खटखट थांबली. कापड मशीनच्या सुईखालून काढून घेतल्यासारखा एक आवाज आला.

"तू म्हणतोस तर ठीकच असेल," ताई म्हणाली. "मग सांगते त्या बाईंना, मशीन घेऊन जा म्हणून. महिनाअखेरीला येतील त्या. मालकालाही सांगून टाकते."

भाच्याने टाळी वाजवली. फोन बंद झाला. माझ्या कपातली कॉफी संपलेली होती, तरी मी ती पीत राहिलो. माझ्या एका 'हं'वर ताईचं घर रिकामं होणार होतं. एवढं वजनदार मी आयुष्यात काही बोललो नव्हतो.

"आईंची खोली तयार आहे ना रे?" जुन्या गाडीत बसताना भाचेसुनेने विचारलं.

"आहे की."

"व्यायामाची सायकल आहे तिच्यात. आणि तुझे क्रिकेटचे डबे."

"सायकल राहील कोपऱ्यात. आईला कुठे अडचण होते कशाची."

"आपण दोघं सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. त्यांनी दिवसभर काय सायकलशी गप्पा मारायच्या?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत..." भाचा म्हणाला आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं, कारण तिसऱ्या गाडीचं दुकान आलं होतं आणि काचेतून ती दिसत होती.

राखाडी. आधीच्या दोघी बुटक्या होत्या. ही जमिनीवर पालथी पडलेली होती. भाच्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. तो तिच्याभोवती एकदा फिरला, मग उलटा फिरला, मग तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. लग्नाच्या वेळी मी त्याला पाहिलं होतं. तेव्हा त्याचा चेहरा इतका हळवा झाला नव्हता. भाचेसुनेच्याही ते लक्षात आलं असावं.

"मामा, बस," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

बसलो. ह्यावेळी मला आत जाण्याची युक्ती सापडली होती: स्वतःची घडी घालायची. सीट इतकी खाली होती की माझे गुडघे छातीशी आले. समोर पुढच्या सीटची पाठ, शेजारी चिंचोळी खिडकी, तिच्यातून फक्त लोकांचे पट्टे दिसत होते. एखाद्या जाड पुस्तकात दाबून ठेवलेल्या पानासारखा मी तिथे होतो. भाचा पुढे बसून चाक उगाचच डावीउजवीकडे फिरवत होता.

"हिचं पिकअप ऐकलंस का मामा? पाच सेकंदांत शंभर!"

"हो का," मी गुडघ्यांना म्हणालो.

"चल, उतर. चालवून बघू. आधी बाहेरून एक फोटो काढू."

उतरायचं होतं. मी एक पाय बाहेर काढला. दुसरा आला नाही. डोकं काढलं, तर छप्पर आडवं आलं. पुढच्या सीटला धरून उठायला गेलो, तर सीट मऊपणे मागे सरकली, कारण तिथे तशी सोय होती. कोटवाला धावत आला. दारावरचा पहारेकरी आला. एकाने दंड धरला, एकाने कंबर. भाचा ओरडला, "हळू, सीटचं लेदर!" मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "मामाला हळू!"

तेवढ्यात कुठेतरी फर्रकन आवाज झाला आणि मी बाहेर आलो. दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे फरशीवर. मागून पँटची शिवण कमरेपासून खालपर्यंत गेली होती.

फरशी फारच स्वच्छ होती. तिच्यात मला एक म्हातारा दिसला, चष्मा एका कानावर, रांगण्याच्या तयारीत. आणि मग, का कोण जाणे, तो म्हातारा मला ताईसारखा दिसला. आम्ही एकाच मापाचे आहोत. भाऊजी गेल्यापासून ताईने कुणाचा हात धरून जिनासुद्धा उतरलेला नाही. ती इथे अशी, ह्या पहारेकऱ्याच्या आणि कोटवाल्याच्या पायांशी, आणि तिचा मुलगा सीटच्या लेदरची काळजी करतोय.

भाच्याने मला उठवून उभं केलं. तो खरंच घाबरला होता. "लागलं का रे? मामा? बोल ना."

"बसता येत नाही," मी म्हणालो.

"काय?"

"हिच्यात बसता येत नाही. निळीतही नाही. पांढरीतही डोकं लागतं. तिन्हींत बसता येत नाही."

माझा आवाज फार मोठा नव्हता, पण त्या दुकानात सगळंच घुमतं.

"अरे, पण मग नऊ मार्क..."

"ते मी कॉफीला दिले."

भाचेसून हसली. मग तिने आपलं जॅकेट काढून माझ्या कमरेभोवती बांधलं, आणि मला फार लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

भाच्याने कोटवाल्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ मामा, आई काय रोज बसणार आहे का हिच्यात? एकदा आणायचं. मग ती घरातच असणार."

"घरात," भाचेसून म्हणाली. "सायकलपाशी."

"तू मध्ये पडू नकोस."

"मग स्पष्ट बोल ना. तू आईसाठी गाडी घेत नाहीयेस. गाडीसाठी आई आणतोयस."

कोटवाला अदबीने दोन पावलं मागे सरकला. असल्या अनुभवाचा सल्ला त्याच्याकडे नसावा.

"आईला जुन्या गाडीतून आणू," भाचा शेवटी म्हणाला. "तिच्यात बसता येतं ना मामाला? झालं तर."

"जुनी तू ह्यांना बदल्यात देतोयस," भाचेसून म्हणाली. "सकाळी मीच कागद शोधून दिले."

भाचा सोफ्यावर जाऊन बसला. फोन काढला आणि तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याच्या मागेच उभा होतो, बसायची सोय नव्हती म्हणून. मला वाटलं, आता नऊचा एक करतोय. पण त्याने सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं, दाबून धरलं, आणि ती ओळ काढूनच टाकली. 'मागची सीट, आई' गेली. बेरीज पुन्हा झाली आणि राखाडी पहिली आली.

"बघ," तो बायकोला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरा आनंद होता, "नुसते आकडे बघितले तर हीच येते."

त्याने सही केली. कोटवाल्याने त्याचा हात हातात घेतला आणि घराण्यात स्वागत केलं. मला कुणीतरी आणखी एक कॉफी दिली. ती मात्र मी घेतली नाही.

घरी आलो आणि जॅकेट घडी करून ठेवलं. पँट खुर्चीच्या पाठीवर टाकली. मला वाटतं मी खूप वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो. ताईला फोन करता आला असता. पण फोनवर मी काय बोलतो ते आज चार माणसांनी ऐकलं होतं. महिनाअखेर अजून दूर होती, आणि टपाल दोन दिवसांत पोचतं.

'प्रिय ताई,' लिहिलं. स्वल्पविराम दिला. मग लिहिलं:

'मी तुला खोटं सांगितलं. बसता येत नाही. आत जाता येतं, पण बाहेर यायला दोन माणसं लागतात आणि तरी शिवण उसवते. येऊ नकोस. इथे तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत मशीनला जागा नाही, कपडे टाकायला येणाऱ्या बायका तर नाहीतच. मुलावर रागावू नकोस, त्याला गाडी फार आवडलीय. मशीन कुणाला देऊ नकोस. मालकाला काही सांगितलं असशील तर ते मागे घे. माझी पँट मागून गेलीय, ती शिवायला घेऊन बसने येतो. बसच्या सीटला वर धरायला दांडा असतो. खिचडी नको करूस, मी चार दिवस राहणार आहे, काहीतरी चांगलं कर.'

पुन्हा वाचलं. 'खोटं' हा शब्द फार मोठा वाटला, तो खोडून 'बरोबर नव्हतं' करावं का असं मनात आलं. भाच्याला कळलं तर काय, असंही मनात आलं. आईमुलाच्या मध्ये पडलो, असं तो म्हणेल, आणि कदाचित ते खरंही असेल. मी पाकीट चिकटवलं आणि दुसरी पँट घातली.

टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथे पोचलो तेव्हा त्या राखाडीसारखीच एक गाडी स्पीकरमधून आवाज खुलवत पुढून गेली. तिच्या मागच्या सीटवर कुणी नव्हतं. मी पेटीच्या फटीत पाकीट अर्धं घातलं आणि नेहमीप्रमाणे हात थांबला. मग सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला. साधाच.